गप्प बसलो म्हणजे होकार दिला का?

ओटीटी, जिम, मुलांचं शिकवणीचं ॲप, लग्न जुळवणारं संकेतस्थळ, फोटो साठवायची जागा. यातलं काहीही सुरू करायला फार तर एक मिनिट लागतं. मोठं रंगीत बटण असतं, दाबलं की झालं. आता तेच बंद करून बघा. आधी 'माझं खातं', मग 'सेटिंग', मग 'योजना', मग 'योजना बदला', आणि तळाशी कुठेतरी फिकट अक्षरात 'रद्द करा'. त्यावर बोट टेकवलं की विचारणा सुरू. का जाताय? अर्ध्या किमतीत राहता का? नुसतं तीन महिने थांबवू का? काही ठिकाणी तर सुरू करायला ॲप चालतं आणि बंद करायला फोन करावा लागतो, तोही कामाच्या वेळात.

आपण याला 'ऑनलाइनचा त्रास' म्हणतो आणि चिडून सोडून देतो. पण हा प्रश्न मोबाईलबरोबर आलेला नाही. 'गिऱ्हाईक काहीच बोललं नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?' या एका प्रश्नावर दीडशे वर्षांहून जास्त काळ कोर्टकज्जे, कायदे आणि भांडणं झाली आहेत. तो इतिहास माहीत असला की आज नेमकं काय मागायला हवं ते कळतं, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात एका घोड्यापासून.

महाराष्ट्रात काका-पुतण्या म्हटलं की लोकांचे कान टवकारतात, पण हे काका-पुतणे इंग्लंडमधले. पुतण्या जॉन फेल्टहाऊस आपला घोडा काका पॉल फेल्टहाऊसला विकणार होता. किमतीवरून गैरसमज झाला. काकाला वाटलं ३० पौंड, पुतण्याला वाटलं ३० गिनी. मग १८६१ च्या जानेवारीत काकाने पत्र लिहिलं. मधली रक्कम धरू, ३० पौंड १५ शिलिंग, आणि याबाबत तुझ्याकडून पुन्हा काही ऐकू आलं नाही तर घोडा माझा झाला असं मी समजेन, असा त्याचा आशय. पुतण्याने उत्तर दिलं नाही. पुढच्याच महिन्यात त्याच्या जनावरांचा लिलाव झाला. हा घोडा वगळायचा, असं त्याने बिंडली नावाच्या लिलाववाल्याला सांगितलं होतं. त्याने चुकून तोही विकला. काकाने लिलाववाल्यावर दावा लावला, की माझा घोडा विकलास.

१८६२ मध्ये निकाल लागला आणि काका हरला. गंमत म्हणजे पुतण्याच्या मनात घोडा काकालाच द्यायचा होता, हे कोर्टापुढे दिसतच होतं. तरीही कोर्टाने म्हटलं की मनात असून भागत नाही, होकार समोरच्याला कळवावा लागतो. 'नाही म्हटलं नाहीस म्हणजे हो' अशी अट एका बाजूने दुसऱ्यावर लादता येत नाही. दहाच वर्षांनी, १८७२ मध्ये, आपल्याकडे भारतीय करार कायदा आला. त्यातही स्वीकृती ही व्यक्त करायची गोष्ट आहे. तो कायदा आजही लागू आहे आणि आपल्या विधी महाविद्यालयांत हा घोडा अजून शिकवला जातो.

म्हणजे 'मौनं संमतिलक्षणम्' हे सुभाषित म्हणून ठीक, व्यवहारात चालायचं नाही, हे १८६२ मध्येच ठरलं होतं. मग आज आपल्या मौनाचे दरमहा पैसे कसे कापले जातात?

कारण धंद्याने वेगळी वाट शोधली. गिऱ्हाइकाकडून एकदाच खराखुरा होकार घ्यायचा, आणि त्या होकारातच लिहून टाकायचं की यापुढे माझं गप्प बसणं म्हणजे 'हो' समजावं. एक 'हो' घेऊन पुढचे शंभर 'हो' फुकट.

याची जुनी उदाहरणं वर्तमानपत्रांत सापडतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली कितीतरी वृत्तपत्रं 'वृत्तपत्रांचा कायदा' अशा मथळ्याची एक चौकट छापायची. तिचा आशय साधारण असा. वर्गणीदाराने स्पष्ट कळवलं नाही तर त्याला अंक पुढे चालू हवाय असं धरलं जाईल. बंद करायला सांगितलं तरी थकबाकी भरेपर्यंत आम्ही अंक पाठवत राहू शकतो. पोस्टातून अंक उचलला नाहीत तरी पैसे लागतील. हा काही संसदेने केलेला कायदा नव्हता. छापणाऱ्यांनी आपल्या सोयीने मांडलेली ती नियमावली होती. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण अंक आधी जायचा आणि पैसे मागून यायचे, पुष्कळदा यायचेच नाहीत. त्या काळी बुडायचा तो संपादक.

आपल्याकडे याच अडचणीवर एक फार शहाणी सोय होती. ती म्हणजे व्ही.पी. टपाल खात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट १८७७ मध्ये सुरू केलं. मराठी मासिकांचे जुने वर्गणीदार घरात कुणी असतील तर त्यांना विचारा. वर्ष संपलं की मासिकात सूचना यायची, की पुढील वर्षाची वर्गणी पाठवावी, नको असल्यास तसं कळवावं, न कळवल्यास अंक व्ही.पी.ने पाठवू, आणि कृपा करून व्ही.पी. परत करून आमचं नुकसान करू नये.

नीट बघितलंत तर इथेही मौनाचा अर्थ 'हो' असाच धरलाय. पण फरक आहे. गप्प बसल्यामुळे घरी यायचा तो पोस्टमन. दारात उभा राहून तो पैसे मागायचा. द्यायचे तर द्या, नाहीतर 'नको' म्हणा, अंक परत गेला. म्हणजे पैसे जाण्याच्या ऐन क्षणी तुम्हाला पुन्हा एकदा विचारलं जायचं. पैसा तुमच्या खिशात असायचा, आणि 'नको' म्हणायला एका शब्दापलीकडे कष्ट नव्हते. टपालखर्चाचा फटका मासिकाला बसायचा. हा पोस्टमन लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता अमेरिकेत. १९२६ मध्ये हॅरी शर्मन नावाच्या जाहिरातवाल्याने न्यूयॉर्कमध्ये 'बुक ऑफ द मंथ क्लब' काढला. जाणकारांचं मंडळ दर महिन्याला एक पुस्तक निवडणार आणि ते सभासदांना टपालाने जाणार. सुरुवातीला पुस्तकं परत येऊ लागली, तेव्हा क्लबने पद्धत बदलली. आधी सूचना आणि सोबत एक कार्ड. या महिन्याचं पुस्तक नको असेल तर कार्ड भरून वेळेत परत पाठवा, नाही पाठवलंत तर पुस्तक येणार आणि बिलही येणार. इथे पारडं फिरलं. 'हवं' म्हणायला काही करावं लागत नव्हतं, 'नको' म्हणायला मात्र कार्ड शोधा, भरा, तिकीट लावा, पेटीत टाका.

माणूस आळशी असतो, विसरतो, गावाला जातो. या आळसाला बाजारभाव आहे हे एकदा कळल्यावर बाकीचे मागे राहतील कशाला? १९५५ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड क्लब आला. पुढे त्याच्या जाहिराती अमेरिकेत घरोघर पोचल्या, एका सेंटमध्ये दहा-बारा रेकॉर्ड किंवा कॅसेट. खाली बारीक अक्षरात अट असायची, की पुढे ठरावीक रेकॉर्ड नेहमीच्या किमतीला घ्याव्या लागतील, आणि दर वेळी कार्डाने नकार कळवला नाही तर रेकॉर्ड येत राहील. आजच्या 'पहिला महिना फक्त १ रुपया'चे हे सख्खे आजोबा.

लोक ओरडायला लागले, तेव्हा कायदे आले. न मागवता कुणी माल पाठवला तर तो भेट समजून ठेवून घ्या, पैसे द्यायची गरज नाही, असं अमेरिकेने १९७० च्या टपाल कायद्यात लिहिलं. ब्रिटनने १९७१ मध्ये अशा मालासाठी स्वतंत्र कायदा केला. क्लबवाल्यांसाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७३ मध्ये नियम केला. अटी ठळक सांगा, आणि नकार कळवायला सभासदाला निदान १० दिवस मिळाले पाहिजेत. चांगला नियम होता. पण त्याने 'मौन म्हणजे हो' ही पद्धत बंद केली नाही, तिला शिस्त लावली आणि मान्यताही दिली. त्यातून बाहेर पडायचं ओझं गिऱ्हाइकाच्याच डोक्यावर राहिलं.

लोकांनी एकजुटीने हे ओझं झुगारल्याचं एक उदाहरण कॅनडात आहे. जानेवारी १९९५ मध्ये रॉजर्स या केबल कंपनीने नव्या वाहिन्यांचं पॅकेज सगळ्यांच्या माथी मारलं. नको असेल त्याने कळवावं, नाहीतर बिलात पैसे लागतील. लोक इतके भडकले की कंपनीला माघार घ्यावी लागली, आणि पुढे तिथल्या काही प्रांतांनी ही बिलं आकारायची पद्धतच कायद्याने बंद केली.

आपल्याकडे हा अनुभव आला मोबाईलच्या 'कॉलर ट्यून'मधून. २०१० च्या आसपासची गोष्ट आठवते? आमच्या आईच्या प्रीपेड फोनवर एक दिवस कुणीतरी फोन केला तर गाणं वाजायला लागलं. तिने काही मागवलं नव्हतं. संगणकाच्या आवाजात फोन आला होता, तिने काहीतरी बटण दाबलं असावं, एवढंच. ३० रुपये कापले गेले, पुढच्या महिन्यात पुन्हा ३०. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण त्या काळात असे किस्से प्रत्येक घरात होते. बंद करायला प्रत्येक कंपनीचा वेगळा नंबर आणि वेगळा एसएमएस. आईने अखेर रिचार्ज करतानाच तेवढे पैसे धरायला सुरुवात केली. 'तेवढ्यासाठी कोण डोकं लावणार,' म्हणाली. कंपन्यांचा सगळा हिशेब या एका वाक्यावर उभा असतो.

मग ट्रायने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये निर्देश काढले. अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाकडून दोनदा होकार घ्यायचा. दुसरा होकार आला नाही तर सेवा सुरू करायची नाही. बंद करण्यासाठी सगळ्या कंपन्यांना मिळून एकच नंबर, १५५२२३. गप्प बसण्याचा अर्थ पुन्हा 'नाही' झाला. फुकटच्या कॉलर ट्यूनचा सुळसुळाट त्यानंतर बराच ओसरला. लोक अचानक सावध झाले म्हणून हे झालं नाही. नियम बदलला म्हणून झालं.

आता मोबाईलवरच्या आजच्या वर्गण्या. इथे जुन्या युक्तीला नवी जोड मिळाली, ती साठवलेल्या कार्डाची. पुस्तक क्लबचं बिल आलं तरी चेक तुम्हालाच लिहायचा असायचा. चिडलात तर न लिहिण्याची मुभा होती. कार्डाचा नंबर कंपनीकडे गेला आणि ही शेवटची कडी निखळली. आता तुम्ही गप्प बसलात की नुसतं बिल येत नाही, पैसेच जातात. तिजोरीची किल्ली समोरच्याकडे आहे, आणि ती परत मागायची खिडकी त्यानेच बांधलेली आहे. मग ती खिडकी तो उंचावर, अंधाऱ्या बोळात बांधणार यात नवल ते काय?

अशा रचनांना २०१० मध्ये हॅरी ब्रिगनल या ब्रिटिश डिझायनरने 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. आत जायला सोपं आणि बाहेर पडायला अवघड अशा प्रकाराला त्याने झुरळांच्या सापळ्याची उपमा दिली. तुमचा-आमचा गोंधळ उडतो तो आपण अडाणी आहोत म्हणून नव्हे, गोंधळ उडावा अशीच ती मांडणी असते, हे या एका नावामुळे बोलता यायला लागलं.

याचा सर्वांत गाजलेला दाखला ॲमेझॉन प्राइमचा. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर खटला भरला. प्राइम रद्द करण्यासाठी ४ पानं, ६ क्लिक आणि १५ पर्याय पार करावे लागत होते, असं आयोगाने म्हटलं. आणि कंपनीच्या आत या प्रक्रियेचं नाव काय होतं? 'इलियड'. ट्रॉयच्या लांबलचक युद्धावरचं होमरचं महाकाव्य! सप्टेंबर २०२५ मध्ये प्रकरण २५० कोटी डॉलरवर मिटलं. १०० कोटी दंड, १५० कोटी ग्राहकांना परत. कंपनीने चूक कबूल केली नाही. पण युरोपात हीच कंपनी जुलै २०२२ पासून दोन क्लिकमध्ये प्राइम रद्द करू देत होती, कारण तिथे ग्राहक संघटनांनी तक्रार केली आणि युरोपीय आयोगाने पाठपुरावा केला. म्हणजे दोन क्लिकचं बटण बनवणं अवघड नसतं, हे तिथेच सिद्ध झालं.

जर्मनीने तर कायदाच केला. १ जुलै २०२२ पासून ज्या संकेतस्थळावर असा करार करता येतो, तिथे करार रद्द करण्याचं ठळक बटण असलंच पाहिजे. अमेरिकेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये 'जितकं सोपं सुरू करणं, तितकंच सोपं बंद करणं' असा नियम केला होता. तो १४ जुलै २०२५ पासून पूर्ण लागू होणार होता. ८ जुलैला तिथल्या अपील कोर्टाने तो रद्द केला. नियम वाईट आहे असं कोर्ट म्हणालं नाही. खर्चाचा प्राथमिक आढावा आधी मांडायला हवा होता, ती पायरी आयोगाने गाळली, एवढ्यावरून तो गेला. सहा दिवस उरले होते.

आणि आपण? इथे आपण मागासलेले नाही, उलट एका बाबतीत पुढे आहोत. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये आणलेला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीचा झालेला नियम आठवा. कार्डातून आपोआप पैसे कापायचे असतील तर निदान २४ तास आधी ग्राहकाला संदेश गेला पाहिजे, कोण कापणार, किती, केव्हा. तो व्यवहार किंवा सगळा आदेशच रद्द करण्याची सोय हवी. ठरावीक रकमेच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी. ही मर्यादा सुरुवातीला २,००० होती, जून २०२२ पासून बहुतेक वर्गण्यांसाठी १५,००० झाली. त्या ऑक्टोबरात कितीतरी आपोआप होणारी पेमेंट्स अडकली, कंपन्यांनी कुरकुर केली. पण काय घडलं ते समजून घ्या. रिझर्व्ह बँकेने व्ही.पी.चा पोस्टमन परत आणला! पैसे जाण्याआधी कुणीतरी दार वाजवायला लागलं.

राहिली ती दुसरी बाजू. बँकेकडून पैसे थांबवता येतात, पण कंपनीकडचा करार संपवायचा दरवाजा अजून त्यांच्याच मर्जीवर आहे. त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार सांगितलेत, आणि 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' त्यातला एक. रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, रद्द करायचा पर्याय लपवणं, फुकट सेवेसाठीही आधी कार्डाचा तपशील मागणं, हे सगळं त्यात नावानिशी मनाई केलेलं आहे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करून घ्यायला सांगितलं.

माझी हरकत इथे आहे. स्वतःची तपासणी स्वतः करायची, हे परीक्षेत उत्तरपत्रिका स्वतःच तपासण्यासारखं झालं. 'किचकट' म्हणजे किती किचकट, हे ठरवायला दर वेळी कुणीतरी तक्रार करायची, भांडायचं. म्हणजे ओझं परत आपल्याच डोक्यावर. त्यापेक्षा ट्रायने कॉलर ट्यूनच्या वेळी जे केलं तेच इथे करावं. मोजता येईल असा नियम. जिथून सुरू, तिथूनच बंद. जितक्या क्लिकमध्ये आत, तितक्याच क्लिकमध्ये बाहेर. बटणाचं नाव आणि जागा सगळीकडे सारखी. तपासायला पाच मिनिटं लागणार नाहीत, आणि वाद घालायला जागा उरणार नाही.

कुणी म्हणेल, महिन्याचे शंभर-दोनशे रुपये, त्याला एवढं काय? पण फोन आता निवृत्त आजोबांच्याही हातात आहे, आणि शिकवणीच्या ॲपच्या नावाखाली कर्ता माणूस हप्ते भरतो त्या घरातही आहे. तिथे दोनशे ही रक्कम दिसते. शिवाय ज्या महाराष्ट्रात १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी राहिली, देशात ग्राहक संरक्षण कायदा यायच्या बारा वर्षं आधी, तिथल्या लोकांनी 'तेवढ्यासाठी कोण डोकं लावणार' म्हणणं शोभत नाही.

तोवर करण्यासारख्या चार गोष्टी सांगतो.

१) ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. पैसे कापले जातच राहतात.

२) यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असा विभाग असतो. आजच उघडून बघा, काय काय चालू आहे ते. तिथून थांबवता आणि रद्द करता येतं. कार्डावरचे आदेश बँकेच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर सापडतात.

३) २४ तास आधी येणारा संदेश जाहिरात समजून पुसू नका. पोस्टमन दारात आलाय.

४) रद्द करताना प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट ठेवा. अडवलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तक्रारी नोंदल्या गेल्या तरच 'आमच्याकडे अशी तक्रार आली नाही' हे उत्तर बंद होईल.

आणि घरातल्या ज्येष्ठांचा फोन घेऊन हे त्यांच्यासोबत बसून करा. त्यांच्या नावावर कुठल्या कुठल्या वर्गण्या चालू निघाल्या आणि त्या बंद करायला किती क्लिक लागले, ते खाली नक्की लिहा. कंपनीचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल, आकडा लिहा.